बरग्यांचे थर

ओढ्यातला प्राणवायू जिथे सर्वांत कमी होतो, ती जागा मंगळवारी सकाळी पाण्यातून बाहेर आली आणि दुपारी आमच्या दिवाणखान्यात येऊन थांबली.

ही जागा मी ओळखते. शहराचे सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडले जाते. त्यात उरलेली घाण खाताना जिवाणू प्राणवायू वापरतात. वाहते पाणी तो हवेतून पुन्हा भरून घेते. खर्च भरपाईहून जास्त असतो तोवर प्राणवायू उतरत जातो. तो तळ कुठे गाठेल, याचे गणिती प्रतिमान मी तयार केले आहे. उत्तर बंधाऱ्यापाशी येते. आमचे घर बंधाऱ्याच्या काठावर आहे.

मी मेणबत्ती घेऊन फिरले. दारात ज्योत सरळ होती. झोपाळ्यापाशी ती खाली बसली आणि विझली. झोपाळ्यावर माझे वडील होते.

"अण्णा, तिथून उठा."

"मघापासून उठतोच आहे. पाय ऐकत नाहीत," ते म्हणाले. त्यांचे ओठ निळसर होते. "एवढी पीएचडी केलीस, जरा वाऱ्याचं बघ."

मी त्यांना ओढून बाजूला घेतले. जागा त्यांच्याबरोबर सरकली. त्यांना परत बसवून मी झोका दिला. ओठांवर रंग आला. हे प्रतिमानाला धरूनच होते: प्रवाह उथळ आणि वेगवान असला, की हवा लवकर मिसळते.

तेवढ्यात छत वीतभर वर गेले.

खिडकीतून बंधारा दिसत होता. पावसाळा सरला की त्याच्या खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, एकावर एक बसवून पाणी अडवतात. आज ते काम चालू होते. प्रत्येक थराबरोबर पाणी चढत होते, आणि आमचे छतही. काम पाहणाऱ्या भैरू चौगुल्यांना मी एका हाताने फोन लावला. दुसऱ्या हाताने झोका देत होते.

"भैरूभाऊ, बरगे थांबवा. अण्णांना श्वास पुरत नाही."

"तुमच्या गणितात बंधारा हाय न्हवं, मॅडम?"

"आहे, पण उघडा धरलेला." मोजमापे आम्ही बरगे काढलेले असतानाच घेतो, तेव्हाच ओढ्यात उतरता येते.

"मग? आमचं अजून निम्मं थर ऱ्हायल्यात. अण्णास्नी म्हणावं, जरा दम धरा."

पाण्याची, म्हणजे इथे छताची, उंची दुप्पट झाली, तर तेवढ्याच भरपाईसाठी वेग आठपट लागतो. फोन चालूच खाली ठेवून मी दोन्ही हातांनी झोका देऊ लागले. पण छताबरोबर कड्या वर गेल्या होत्या, साखळ्या लांबल्या होत्या. लांब साखळीचा झोका उशिरा परततो. हे शाळेत शिकवतात. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

"लहानपणी जोरात द्या म्हणून रडायचीस," दुरून येता येता अण्णा म्हणाले. "फेडतेयस होय?"

"बोलू नका. श्वास खर्च होतो."

"बरं."

बाहेर लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज झाला. छत आता दिसत नव्हते. साखळ्या तेवढ्या वर जात होत्या. मी सगळा भार टाकून झोका दिला आणि पुढच्या झोक्यासाठी हात पुढे करून उभी राहिले.

"अजून एक बसतोय का बघा रं," फोनमधून भैरूभाऊ कोणाला तरी म्हणाले.

झोपाळा अजून जातच होता.