दोन्ही कडांच्या काळ्या पट्ट्या

मी टीव्हीखालच्या कप्प्यातून बोलतोय. काळा, चपटा, पुढे निळा दिवा असलेला डबा, तोच मी, व्हिडिओ रेकॉर्डर. कॅमेऱ्याकडून येईल ते चित्र साठवायचं आणि पडद्यावर दाखवायचं, एवढंच माझं काम. पण या घरातलं बोलणंही मी ऐकत असतो.

जन्म कारखान्यातला. जुळणी करणाऱ्या बाईने माझे चार स्क्रू पिळले आणि झाकण लावण्याआधी आत हलकेच फुंकर मारली. इतक्या जवळून त्यानंतर कुणी मला पाहिलं नाही.

मला विकत आणलं ते एका मुलाने. मुलगा म्हणजे चाळिशीचा संसारी माणूस. त्याचे बाबा दुसऱ्या गावात एकटे राहायचे. जन्मभर शिंपीकाम केलेले. आई गेल्यावरही ते इकडे यायला तयार होईनात. "माझं मशीन कुठे ठेवशील? बाल्कनीत?" म्हणायचे. मग मुलाने त्यांच्या खोलीत एक जुना कॅमेरा लावला आणि इंटरनेटवरून त्याचं चित्र माझ्याकडे आणलं.

तंत्रज्ञाने मला जोडलं तेव्हा बाबा अगदी जसेच्या तसे दिसले. फक्त कॅमेरा जुना, त्याचं चित्र चौकोनी. टीव्ही नवा, लांबरुंद. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या उरल्या.

"एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळं बघायला?" मुलगा म्हणाला.

"चार बाय तीनवर आहे. फुल स्क्रीन करून देतो," तंत्रज्ञ म्हणाला. "पण चित्र आडवं ताणलं जाईल हं. माणसं जाड दिसतात."

"दिसू देत! बाबांच्या अंगावर तेवढंच मांस."

सूनबाईही हसली. बटण दाबलं गेलं. साठवताना मी मूळ मापच साठवत होतो. ताणलेले बाबा फक्त पडद्यावर होते. पण पडद्यामागचं कोण बघतो?

सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग बाबा ताट अर्धं सारून ठेवू लागले. जिना चढून आल्यावर खुर्चीचा हात धरून बराच वेळ उभे राहायचे. एके दिवशी त्यांनी बेल्टला आरीने नवं भोक पाडलं. महिन्याभराने त्याच्याही पुढे आणखी एक.

दर रविवारी सकाळी फोन व्हायचा, स्पीकरवर.

"बाबा, जेवता ना वेळेवर?"

"अरे, भरपूर!"

मुलगा पडद्याकडे बघून समाधानाने मान हलवायचा. "काय सुधारलेत बघ. गाल वर आलेत." जायचा बेत ठरायचा आणि मोडायचा. "छान आहेत की. पुढच्या महिन्यात जाऊ."

एकदा सूनबाईने विचारलं, "अहो, ते सारखी स्वतःचीच पँट का उसवत असतात?"

"शिंप्याच्या हाताला चैन नसते गं."

मला ओरडावंसं वाटलं. माझ्याकडे ओरडायला फक्त एक निळा दिवा होता.

मग एका रविवारी वीज गेली. परत आली तेव्हा माझी चित्राच्या मापाची सेटिंग्ज पुसली जाऊन मी पहिल्या दिवसासारखा झालो होतो. पडद्यावर काळ्या पट्ट्या आल्या आणि त्यांच्यामध्ये बाबा. खोबणीत गेलेले डोळे, गळ्याभोवती लोंबणारी कॉलर.

"बिघडला वाटतं," म्हणत मुलाने रिमोट उचलला. मेनू उघडून फुल स्क्रीन केलं. गाल भरले. परत चार बाय तीन केलं. गाल गेले. पुन्हा फुल स्क्रीन. पुन्हा चार बाय तीन. हातातला चहा निवत चालला होता. मग त्याने रिमोट खाली ठेवला आणि फोन लावला.

"बाबा, वजन किती आहे तुमचं?"

"आता तू माझं माप घेणार? ते काम माझं."

"बाबा, खरं सांगा."

बाबांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली. शर्टातून खांद्यांची हाडं दिसत होती.

"तुला तर रोज दिसतच होतं की रे," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, बघूनही गप्प बसला असशील."

मुलगा चप्पल शोधत न बसता अनवाणीच जिना उतरला. सूनबाई चपला घेऊन मागे धावली.

दुपारी तो मला पडद्यावर दिसला. त्याने बाबांचं मनगट हातात घेतलं. त्याच्या बोटांचा वेढा पुरून उरत होता. दोघं बाहेर गेले आणि दार लागलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा सूनबाईला फोन आला, स्पीकरवर. "पोटात गाठ आहे. चार महिने आधी आणलं असतं तर, म्हणाले डॉक्टर." तेव्हापासून तो तिकडेच आहे. सूनबाई फोनवर बोलते ती दार लोटून, आणि टीव्हीकडे पाहत नाही.

मी मात्र चालूच आहे. माझ्यात चाळीस दिवसांचंच चित्र मावतं. नवा दिवस ठेवायला सर्वांत जुना पुसावा लागतो. रोज मी एक रिकामी खोली साठवतो आणि तिच्यासाठी बाबांचा एक दिवस पुसतो. आजचा एकविसावा.

सूनबाई, दार लोटण्याआधी एकदा इकडे या. माझी वायर उपसून काढा. मी विझेन, पण बाबांचे उरलेले एकोणीस दिवस तरी माझ्या हातून पुसले जाणार नाहीत.