बाबांच्या खांद्यावरचा हात

फोटोतल्या दादाच्या अंगठ्याच्या नखाभोवती हिरवट कड अजून होतीच – केसाएवढी, पण एकदा दिसली की नजर हटू न देणारी. तो फोटो ज्या भिंतीसमोर काढलेला, तिचा तो रंग. माणूस कापून दुसऱ्या चित्रात आणता येतो, पण मागची भिंत अशी कडेकडेने चिकटून येते. तिने ती पुसली. जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटं होती आणि डबा अजून उघडलेलाही नव्हता.

पडद्यावर बाबांचा गेल्या वर्षीचा वाढदिवस होता. खुर्चीत बाबा, शेजारी आई, आणि मागे ती – बाबांच्या खांद्यावर हात ठेवून. दादा आला नव्हता. त्याआधीची चार वर्षंही आला नव्हता... आणि आता बाबांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण दादा येऊन गेला का, हे मात्र दिवसातून दहादा विचारतात. शेवटी आईनेच तोडगा काढला. “तू दिवसभर फोटोच जोडतेस ना? मग ह्यात त्यालाही घाल, बाबांच्या मागे. बघतील नि निवांत होतील बिचारे.”

बिचारे! ती हो म्हणून बसली. जाहिरातींसाठी रोज बुटांमागे डोंगर नि बाटल्यांमागे समुद्र घालणाऱ्या बाईला एक भाऊ घालणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

पण मागे जागा एकच होती. दादाचा लेअर, त्याच्या चित्राचा थर, वर ठेवून तिने तो निम्मा पारदर्शक केला, तेव्हा त्याच्या शर्टातून तिचा स्वेटर दिसू लागला, दोन चेहरे एकमेकांत शिरले, आणि बाबांच्या एका खांद्यावर दहा बोटं आली. दवाखान्यात कोण नेतं, हरवलेला चष्मा कोण शोधतं, जिना उतरताना कोण धरतं... त्या खांद्याला विचारा ना, सवय कुणाच्या हाताची आहे ते! तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. पारदर्शकतेची पट्टी तिने फटकन शून्यावर आणली. फोटोतली ती स्वतः नाहीशी झाली. दादा छान शोभत होता, मेला.

फोन वाजला. आईच.

“झालं का गं?”

“सावली राहिलीय. त्याशिवाय हात टेकल्यासारखा वाटत नाही.”

“कुणाला कळतंय! दे पाठवून.” मग आई घुटमळली. “पण तू कुठे गेलीस, असं विचारलं त्यांनी तर?”

“म्हणावं, मी फोटो काढत होते.”

“हो, खरंच की,” आई म्हणाली – फोटो शेजारच्या काकांनी काढला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आई – आणि सुटल्यासारखी हसून तिने फोन ठेवला.

इतक्या पटकन कसं सुचलं मला?... तिने हात माउसवरून उचलला. त्या दिवशी बाबांचा खांदा तळव्याला कसा लागला होता – हाडं टोचली होती का, शर्ट उबदार होता का – ते ती आठवू लागली, डोळे मिटून, नेटाने. आणि हाताला आठवत राहिलं ते कॅमेऱ्याचं वजन.