चढताना बोलता आलं पाहिजे

कासियानकाका माझ्या स्कीच्या दुकानात मागच्या दाराने आले तेव्हाच मला कळलं, काहीतरी भानगड आहे.

आमच्या गावात एकच लिफ्ट. माणसाला ओढत टेकडीवर नेणारी, जुनी. काकांच्या वडिलांनी उभी केली आणि काकांनी जन्मभर चालवली. स्कीवर हा माणूस अजूनही असा उतरतो की पोरं थांबून बघतात. पण स्की पायात घालून डोंगर चढणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. त्यांना ते शेळ्या म्हणतात. संध्याकाळी कोणी लिफ्टच्या उतारावरून चढताना दिसला की केबिनमधून बाहेर येऊन ओरडणार, "ए शेळी! चरायला दुसरीकडे जा!" चढायला सक्त मनाई, अशी पाटीही त्यांनीच ठोकलीय.

"आत कोण आहे?" दारातूनच विचारलं.

"मी आहे ना."

"तू नाही रे रोमेड. माणसं आहेत का कोणी?"

कोणी नव्हतं. मग आत आले, टोपी काढली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "चढायच्या स्की दाखव."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, चांगलाच हसलो.

"दात काढू नकोस. बुर्गीने बोलावलंय."

बुर्गी त्यांची मुलगी. इन्सब्रुक शहरात असते, दर रविवारी कुठला ना कुठला डोंगर चढते. बापलेकीचं भांडण नाही काही, पण बोलणंही नाही. फोनवर हवामान झालं की संपलं. या वेळी तिने विचारलं, मार्चमधल्या संत योसेफच्या सुट्टीला माझ्याबरोबर येता का? लिफ्टने नाही, पायांनी. आणि काका हो म्हणून बसले.

"वर्षातून किती वेळा जाणार?"

"एकदा. फार तर दोनदा. बोलावलं तर."

"मग भाड्याने न्या ना. एका दिवसासाठी विकत कशाला?"

"मी? भाड्याच्या स्की घालून लेकीसमोर उभा राहू? पर्यटकासारखा?"

ते सरळ सगळ्यात रुंद, जाड स्कीकडे गेले. थोपटली, जशी गाय थोपटतात. "ही. ही बर्फावर पक्की बसते."

"खाली येताना झकास. पण वर तिला तुम्ही ओढणार आहात काका, लिफ्ट नाही."

मग मी चढायच्या शर्यतवाल्यांची दिली. त्यांनी ती एका बोटावर तोलली. "ही स्की आहे की चमचा?"

मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारतो, मजा कशात हवी, चढण्यात की उतरण्यात. सगळे म्हणतात उतरण्यात. काका मात्र बाकावर बसून टोपी चुरगाळत राहिले.

"खाली मी गोठ्याची फळी पायाला बांधूनही येईन," मग म्हणाले. "मला चढताना बोलता आलं पाहिजे."

"म्हणजे?"

"उतरताना कोणी बोलतं का? तुम्ही शेळ्या चढतानाच बोलता ना? मला तिला एक गोष्ट सांगायचीय. धापा टाकत कशी सांगू?"

मग सांगितलं. लिफ्ट कायमची बंद होणार. उन्हाळ्यात खांब कापणार. बर्फच पडत नाही पहिल्यासारखा, किती वर्षं तोटा सोसायचा. ईस्टरनंतर गावाला कळेल.

"तिच्या आजोबांची लिफ्ट आहे रे. तिला ते पंचायतीच्या फळ्यावरून कळायला नको."

"फोन करा ना मग."

"फोनवर ती म्हणेल अरेरे. मी म्हणेन हो ना. संपलं."

मी मधली जोडी काढली. हलकी, पण चमच्याइतकी नाही. ना फार रुंद, ना फार अरुंद. उभी केली तर त्यांच्या नाकापर्यंत.

"डोक्याच्या वर हवी. मी काय शाळेत आहे?"

"चढावर वळायचं असतं काका. लांब स्की आपल्याच पायात येते."

बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंगही तसंच निवडलं. पुढे बूट दोन खिळ्यांमध्ये धरणारं, म्हणजे चढताना टाच मोकळी राहते. आणि पडलो तर बूट नीट सोडून देणारं. किती जोराला सोडायचं ते स्क्रूवर ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, सगळं धरून तक्त्यात बघितलं. सात आलं; आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट.

"सात? सात माझ्या बायकोचं आहे!"

आमच्याकडे हे असंच. जे तरुणपणी शर्यतीत उतरले ते हा आकडा फौजेतल्या हुद्द्यासारखा सांगतात. काका खोऱ्याच्या संघात होते. त्यांचा दहा.

"पन्नाशीनंतर तक्ता एक पायरी खाली उतरतो," मी म्हणालो.

"तक्त्याला सांग, मी नाही उतरत. दहा कर."

मी नाही केलं. त्यांनी खिशातून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि केलं. लिफ्टवाल्याच्या खिशात तो असतोच.

त्याच दिवशी संध्याकाळी लिफ्ट थांबल्यावर आम्ही बघायला गेलो, स्की जमतात का. पुरेसा बर्फ एकाच ठिकाणी होता. त्यांच्याच उतारावर. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली केसाळ पट्ट्या चिकटवल्या, त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली, आणि निघालो. दम बरा होता. मधेमधे मला मुद्दाम काहीबाही सांगत होते, सरावासाठी. अर्ध्यावर पोचलो आणि बर्फ सपाट करणारं यंत्र आमच्याकडे वळलं. त्यावर बसलेला फ्रीडल, त्यांच्याच हाताखालचा.

"ए शेळ्यांनो! चरायला दुसरीकडे जा! पाटी दिसत नाही?"

"चालत राहा," काका पुटपुटले.

दिव्याचा झोत थेट तोंडावर आला.

"कासियान?"

"पाटी तपासायला आलोय," काका म्हणाले.

"चढत?"

"तुला काम नाही का रे?"

फ्रीडल गेला, पण यंत्राच्या आवाजातही त्याचं हसणं ऐकू येत होतं.

उतरताना काका मुद्दाम कडेला गेले, जिथे बर्फ न दाबलेला, ओला, जड. तीन वळणं अशी घेतली की मी पट्ट्या गुंडाळायच्या विसरलो. चौथ्याला टोक रुतलं. ते आडवे झाले आणि स्की सुटली नाही. पाय तिकडे, माणूस इकडे.

मी पोचलो तेव्हा गुडघा हातात धरून बसले होते. त्यांनी तो हळूहळू वाकवला, सरळ केला, परत वाकवला.

"शाबूत आहे."

मग अंगावरचा बर्फ झटकला. खाली केबिनकडे बघत.

"मला वर पोचायचंय रे," म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "सात कर. आणि कुठे बोललास तर बघ."

तिथेच बर्फात बसून केलं. बोटं बधिर झाली होती.

सुट्टीच्या दिवशी दुकान उघडंच होतं, पण माझं लक्ष गिऱ्हाइकांकडे नव्हतं. दुपारी बुर्गीची गाडी समोर थांबली. काका उतरले ते आमच्या बाहेरच्या बाकावर कोसळलेच. मी चहा घेऊन धावलो.

"जमलं?"

"जमतंय कसलं. पहिला तासभर हीच बोलत होती. ऑफिस, घरमालक, कोण तो मांजरवाला शेजारी. मला वाटलं, राहिलंच. मग झाडं संपतात तिथे सांगून टाकलं."

"आणि मी खाली बसले," बुर्गी म्हणाली. डोळे अजून लाल होते. "तर हे म्हणतात, दमलीस का?"

"बसलीस तर मला काय वाटणार?"

"बाबा, पाय."

काकांना वाकवत नव्हतं. ती त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि बूट ओढायला लागली. बूट निघेना. तिने जोर लावला तर काकाच बाकावरून पुढे घसरले, दोघं हसत सुटले. बूट निघाला. दुसराही निघाला.

काका बोलत होते. पहिला खांब पुरला तेव्हा जमीन गोठलेली होती, आणि आजोबांनी रात्रभर तिथे शेकोटी कशी पेटवून ठेवली, ते. मी हे कधी ऐकलं नव्हतं. तिनेही नसावं. बूट हातात धरून ती तशीच बसून राहिली, ओल्या फरशीवर.