माळढोकाचा वस्तुपाठ

शाळा तपासायला येणारे डिपोटीसाहेब खूश झाले, तर रावजी मास्तरांच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: सोलापूरला बदली. तिचा हिशेब मास्तरांनी बोटांवर करून ठेवला होता. नवी पेठेत माहेरी राहणारी बायको रोज डोळ्यांसमोर, तिच्या हातची आमटी, आणि दुधनीजवळच्या या माळावर स्वतः थापलेल्या जाडजूड भाकरींपासून सुटका. सोनाबाई तीन वर्षं खेड्यात पाऊल टाकायला तयार नव्हती. "तुम्हीच या इकडं," हे तिच्या प्रत्येक पत्राचं शेवटचं वाक्य.

तेव्हा साहेबांपुढचा वस्तुपाठ झकास व्हायला हवा होता. मास्तरांनी विषय घेतला माळढोक. एवढं दांडगं पाखरू, पण वर्षाला अंडं एकच, तेही उघड्या जमिनीवर. ते पिकावरचे टोळ खातं आणि लोक त्यालाच खातात! एक अंडं फुटलं की त्या साली वंश खुंटला. महिनाभर मास्तर हेच पोरांच्या कानीकपाळी ओरडत होते. आता वस्तुपाठ म्हटला की वस्तू हवी. "पडलेलं पीस सापडलं तर आणा," ते म्हणाले.

साहेब यायच्या दिवशी सकाळी बिरप्पा धनगराची मायाक्का, शाळेतली एकुलती एक मुलगी, घोंगडीच्या खोळीत काहीतरी जपत आली.

"मास्तर, पीस न्हाय गावलं. म्हून अंडंच आणलं."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, महिनाभर काय शिकवलं मी?"

"अंडं फुटू द्यायचं न्हाय. मग? कुटं फुटलंय? हात लावून बघा की, ऊन हाय अजून."

"आणि त्याची आई?"

"ती चरायला गेल्ती. तिला कशाला तरास द्यू?"

पोरीचं चुकलं नव्हतं. फोडू नये हे मास्तरांनी शिकवलं होतं, हलवू नये हे शिकवायचं राहिलं होतं. अंडं मेजावर मांडलं असतं, तर असा वस्तुपाठ तालुक्यात दुसरा झाला नसता. मास्तरांची बदली त्यांच्या तळहातावर होती, कोमट होती. आणि चाळीस पोरं मास्तरांच्या तोंडाकडं बघत होती.

"चला रे," मास्तर म्हणाले. फळ्यावर 'वर्ग माळावर आहे' एवढं लिहिलं आणि शाळा ओस पडली.

मायाक्कानं दाखवलेल्या जागी अंडं ठेवून सगळे लांब जाऊन गवतात पालथे पडले. बिरप्पानं मेंढरं पलीकडं वळवली आणि तोही येऊन पडला. एवढ्यात साहेबांची बैलांची दमणी खडखडत आली.

"मास्तर! हा काय तमाशा?"

"ओ सायेब, वरडू नगासा!" बिरप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "आदी खाली पडा. आन् ते डोईवरचं टोपलं काढा, लांबनं दिसतंय."

साहेबांच्या हॅटला आजवर कुणी टोपलं म्हटलं नव्हतं. पण चाळीस पोरांनी एकदम तोंडावर बोट ठेवलं, तसे साहेब हॅट काढून कुसळांत आडवे झाले. अंड्याची हकीकत कुजबुजत त्यांच्या कानावर गेली, तसं थोड्या वेळानं त्यांनी शेजारी पडलेल्या पोराला हळूच विचारलं, "अंडी किती घालते रे?"

"एकच. आता गप पडा."

तासाभरानं मादी आली. मान उंच करून दोनदा थबकली, अंड्याभोवती फिरली आणि बसली. मायाक्कानं हसू दाबायला घोंगडी तोंडात कोंबली.

"बावीस वर्षं परीक्षा घेतोय," साहेब कपडे झाडत म्हणाले, "पण चाळीस पोरं तासभर गप्प बसलेली आजच पाहिली!" आणि शेरेबुकात त्यांनी झोकात लिहिलं: 'असा शिक्षक या माळावरच हवा. याची बदली कदापि करू नये.'

मास्तरांनी तो शेरा दोनदा वाचला. दोन्ही वेळा त्याचा अर्थ तोच निघाला.

आता कुणी काय भरलं ते बघा. पाखराचं काहीच गेलं नाही. साहेबांच्या पाटलोणीचा गुडघा फाटला, तो भत्त्यातून निघाला. मास्तरांची बदली गेली, पण तालुकाभर नाव झालं, म्हणजे निम्मं वसूल. सगळी रक्कम रोख मोजली ती सोनाबाईनं. महिन्याभरात ट्रंक घेऊन, तोंड फुगवून ती दुधनीच्या स्टेशनावर उतरली. आणि तिनं तर माळढोक पाहिलासुद्धा नव्हता.