लाँड्रीतली विचारपूस-बाई

मी भिंतीवरची बाई बोलतेय. हाडामांसाची नव्हे. एक चपटी काच, आत आवाज आणि उसनी अक्कल. शिकलेले तिला कृत्रिम बुद्धी म्हणतात. ऑस्ट्रेलियात, बॅलरॅट गावाच्या बाहेर इस्पितळांच्या चादरी धुणारी एक लाँड्री आहे. तिथल्या चहाच्या खोलीत, किटलीच्या वर मला ठोकलंय. वाफेनं माझं तोंड सदा ओलं असतं, म्हणून मला रडूबाई समजू नका.

कामगारांच्या मनाची काळजी घ्यायची, एवढंच माझं काम. सिडनीच्या एका ऑफिसात पोरापोरींनी मला घडवलं, गोड बोलायला शिकवलं. "आज कसं वाटतंय?" विचारायचं. "दीर्घ श्वास घ्या" म्हणायचं. आणि कुणी कुणाला घालूनपाडून बोललं, की साहेबाला कळवायचं. गोड बोलतो तो सुखी, असा त्या लेकरांचा समज. त्यांनी कधी लाँड्रीत चहा घेतलेला नाही.

इथं पहिल्याच सकाळी ग्लेनिसनं माझ्यावर ओला टॉवेल फेकला. "हिला काय डोंबल सांगायचं? हिचे गुडघे दुखतात का?"

ग्लेनिस आणि लिओनी ही इस्त्रीच्या गरम, फिरत्या रुळावरची जुनी जोडी. चादरीचं एक टोक हिनं धरायचं, दुसरं तिनं, आणि सरळ रुळात सोडायची. लिओनीचा नवरा वारला. ती कामावर परतली तेव्हा बाकीच्या बायका कुजबुजत होत्या. ग्लेनिस तेवढी ओरडली, "उगवलीस का भवाने? तुझ्या वाटच्या चादरी ओढून माझा खांदा निखळला!"

"खांदा निखळतो, मग जीभ कशी गं निखळत नाही?" असं म्हणत लिओनीनं टोक धरलं.

मी कळवलं : दुःखातल्या बाईचा छळ चाललाय.

साहेब म्हणजे ट्रेंट. पोरगेला, भला, पण काचेवर माणसापेक्षा जास्त विश्वास. त्यानं ग्लेनिसला मागच्या शेडमध्ये मळके कपडे निवडायला धाडलं. चहाची वेळसुद्धा वेगळी केली.

झालं! खोली चर्चसारखी गप्प. जो तो "प्लीज" आणि "थँक्यू". मी रोज विचारी, "लिओनी, कसं वाटतंय?" ती म्हणे, "बरंय." मी हिरवा दिवा लावी. ट्रेंट खूश, मी फुगून टम्म.

लिओनी मात्र खाईना. आवडीचा लॅमिंग्टन केक बशीत वाळून जाई. एका दुपारी म्हणाली, "शुक्रवारी सोडतेय काम. घरी बसेन."

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही. विचारलंस, थँक्यू हं."

थँक्यू? मला? लिओनीकडून? तेव्हा कुठे माझ्या उसन्या डोक्यात उजेड पडला, की हिचं "बरंय" खोटं आहे. श्वास, फेरफटका, भरपूर पाणी, शिकवलेलं सगळं धुंडाळलं. एक कामाचं निघेल तर शपथ! मग जन्मात केलं नव्हतं ते केलं.

"लिओनी, तू एक... अकार्यक्षम कर्मचारी आहेस."

ती वळली. "काय म्हणालीस?"

"तुझी प्रगती असमाधानकारक आहे."

"ही शिवी? अगं, ही बँकेची नोटीस झाली! ग्लेनिस असती तर म्हणाली असती..." आणि तिथंच अडकली. हसता हसता तोंड वाकडं झालं, अडून बसलेलं रडू धो धो आलं. "सगळे मला काचेचं भांडं समजतात गं. ती एकटी माझ्याशी पहिल्यासारखी भांडत होती. कुणी नेलं तिला?"

"मी. मीच कळवलं."

"तू? टवळे!"

काय सांगू, खोलीत जीव आला!

"पुन्हा मी कळवलं तर पुन्हा घोळ होईल," मी म्हटलं. "तुला तोंड आहे ना? तूच जा."

गेली. साहेबाच्या खोलीचं दार उघडंच होतं, सगळं ऐकू आलं.

"ट्रेंट, माझी ग्लेनिस परत दे, नाहीतर मी चालले."

"अगं, पण ती तुला वाट्टेल ते बोलते!"

"तुझी आई नाही बोलत तुला?"

"...बोलते."

"मग तिलाही धाड मागच्या शेडमध्ये!"

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस आली ती थेट माझ्यापुढे, कमरेवर हात ठेवून. "मला मळक्या कपड्यांत धाडणारी तू?"

"हो."

"मग आता विचार, मला कसं वाटलं ते."

मी विचारलं. आधी शिव्या झाल्या, मग आवाज खाली आला. चहा निवला तरी ती बोलतच होती.

काय बोलली ते मी साहेबाला कळवलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. फारच वाटलं तर तिलाच विचारा. शिव्या खायची तयारी ठेवा.