खाली कोणी आहे का?

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मला माझ्याच वजनाची भीती वाटते. गंजाला मी भीत नाही, भंगारवाल्यालाही नाही. म्हातारपणी माणसाला पडण्याची धास्ती असते म्हणतात. मला बसण्याची आहे. का, ते सांगते.

माझा जन्म पॅरिसच्या एका कारखान्यातला. इतर मोटारींच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा असतात, मला त्या दिल्याच नाहीत. माझ्या प्रत्येक चाकाशी नारळाएवढा एक पोलादी गोळा बसवला. त्याच्या अर्ध्या भागात कोंडलेला वायू, अर्ध्या भागात हिरवे तेल आणि मध्ये रबराचा पडदा. इंजिन सुरू झाले की पंप तेल दाबतो आणि त्या तेलाच्या जोरावर मी उभी राहते. इंजिन थांबले की तेल हळूहळू माघारी जाते आणि मी पोट जमिनीला टेकवून बसते. चालकाच्या दाराजवळ एक दांडा आहे. तो वर ओढला की मी पार उंच होते, खाली लोटला की लगेच बसते. खड्ड्यांतून मी अशी जाते की मांडीवरच्या भांड्यातले दूध हिंदकळत नाही. पण माझे उभे राहणे हे असे उसने आहे, हे मी पहिल्या दिवसापासून जाणून होते.

मला मोर्वांच्या डोंगरात, फोंतनेल गावी आणले ओदिलने. ती त्या भागातली सुईण. आडवाटेच्या वस्त्यांवरून अडलेल्या बायकांना तालुक्याच्या इस्पितळात न्यायचे काम तिचे, आणि म्हणून माझे. रस्ते कसले, दगडधोंडेच ते. पण माझ्या मागच्या आसनावर बाई निजली की तिला रस्ता जाणवत नसे. "दुसऱ्या गाडीत असते तर वाटेतच मोकळी झाले असते," असे कितीजणी म्हणाल्या. ते ऐकून माझा ऊर भरून येई.

ओदिलचा नवरा लेओन्स लाकडी जोडे कोरायचा. त्या गावात सगळेच ते जोडे घालत. अंगणात, गोठ्यात, शेतात जोडे पायात. घरात शिरताना उंबऱ्याशी काढायचे आणि मोज्यांनिशी आत जायचे. कोण घरात आहे आणि कोण नाही, हे उंबऱ्यावर नजर टाकली की कळे. लेओन्स माझी दुरुस्तीही स्वतःच करी. गावात माझ्या जातीची मोटार दुरुस्त करणारा कोणी नव्हता, आणि असता तरी लेओन्सने त्याला हात लावू दिला नसता. मात्र माझ्याखाली शिरण्याआधी तो अक्रोडाचे चार जाड ठोकळे चारी बाजूंना उभे करून ठेवी. ते दिसले की मला धीर येई. चुकून बसले तरी त्यांच्यावर बसेन, त्याच्यावर नाही.

शेजारी अनिसे राहायचा. पांढऱ्या गाई पाळणारा, एकटा, मनाने मऊ आणि कानाने थोडा जड. मी इंजिन सुरू होताच आधी मागचा भाग उचलते आणि मग पुढचा. ते पाहून पहिल्याच दिवशी तो पोट धरधरून हसला.

"अरे लेओन्स, ही तर गाय आहे! ढुंगण आधी, डोके मागून! आमच्या गोठ्यातल्या सगळ्याजणी अशाच उठतात."

"मग नाव ठेव की तिचं."

"ब्लांशेत! आणि एक ऐक, हिला चारा मागता येत नाही, म्हणून आमच्या गाईंपेक्षा ही शहाणी."

तेव्हापासून मी ब्लांशेत. अनिसे येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारी. मला ती आवडायची. पुढे त्याच हाताने काय होणार आहे, हे मला कुठे ठाऊक?

वय झाले तसे माझ्या नळ्या झिजल्या. पूर्वी मी रात्रभर उभी राहायची; आता जेवणे आटोपेपर्यंत पोट जमिनीला लागे. अंगणात हिरवे डाग पडू लागले. सफरचंदे उतरवायचे दिवस होते. वरच्या वस्तीवरच्या एका पोरीचे दिवस भरत आले होते आणि ओदिलला मी कधीही लागणार होते. म्हणून लेओन्सने त्या सकाळी मला गोठ्याच्या भिंतीलगत उभे केले, दांडा पार वर ओढला आणि इंजिन सुरूच ठेवले. तेल दाबाखाली असल्याशिवाय गळती दिसत नाही ना. मग त्याने जोडे काढले, कारण ते घालून सरपटता येत नाही. एक भिंतीकडेला ठेवला, एक उशीला घेतला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओदिल ओरडली, "ठोकळे लाव आधी!"

"अगं, नुसतं बघतोय. हात कुठे लावतोय?"

"तुझं नुसतं बघणं मला माहीत आहे. मागच्या खेपेला नुसतं बघता बघता धुराची अख्खी नळी खाली आली होती."

"दोन मिनिटं गं! सूप वाढ तू, आलोच."

मित्रांनो, हे 'नुसतं बघतोय' फार वाईट. ठोकळे गोठ्यात, हाताच्या अंतरावर पडलेले होते. मी मनातून ओरडत होते, घे ते, घे. पण मोटारीच्या ओरडण्याला आवाज नसतो. तो भिंतीच्या बाजूने माझ्या पुढच्या भागाखाली सरकला, पाय मागच्या बाजूला पूर्ण आत. अंगणातून पाहणाऱ्याला त्याचे नखही दिसले नसते. विजेरी त्याने दातांत धरली आणि नळ्या चाचपू लागला.

आणि तेवढ्यात चर्चची बाराची घंटा सुरू झाली.

फोंतनेलमध्ये बाराची घंटा म्हणजे हुकूम. कुऱ्हाड अर्ध्या घावात थांबते. आणि गावाची एक रीत आहे: कोणी घाईत ट्रॅक्टर किंवा मोटार चालू ठेवून जेवायला गेला असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने किल्ली फिरवून ती बंद करायची. उगाच इंधन का जळावे? अनिसे गाईंना सावलीत बसवून परतत होता. त्याने मला पाहिले. घरघरत होते आणि आत कोणी नव्हते.

"काय गं ब्लांशेत, तुला उभं ठेवून सगळे जेवायला बसले? भर दुपारी जनावराला उभं ठेवतात का?"

त्याने दार उघडले. किल्ली फिरवली. मग जनावराची मान दाबून बसवावे तसा दांडा खाली लोटला.

"बस, बाई. झोप आता."

आणि थाप मारून तो निघाला.

मी त्याच क्षणी बसू लागले. तेल माझ्या पायांतून निसटत होते आणि मला ते धरता येत नव्हते. लेओन्सच्या तोंडातली विजेरी पडली. तो ओरडला, पण वर घंटा घणघणत होती आणि अनिसे जड कानांचा. लेओन्सने दोन्ही हातांनी मला वर ढकलले. बिचारा! माझे वजन त्याच्या दोन हातांचे काय ऐकणार?  मग कोपर दुमडले. मग माझी आडवी पट्टी त्याच्या छातीला लागली आणि त्याचा आवाज बंद झाला. इतक्या बायकांना मी अलगद नेले होते, आणि माझ्याच घरच्या माणसाला चिरडत होते. मला थांबता येत नव्हते.

त्याने डोक्याखालचा जोडा ओढला आणि छातीशेजारी, माझ्या पट्टीखाली, टाच वर करून ठोकला. त्याचाच कोरलेला, अक्रोडाचा. मी त्याच्यावर टेकले. जोडा करकरला आणि थांबला. मीही थांबले. लेओन्सला एवढीशी हवा मिळाली, मांजराच्या पिल्लाला पुरेल एवढी. पुन्हा करकर झाली. जोड्याला वरपासून खालपर्यंत चीर जात होती.

अनिसे तोवर ओदिलच्या दाराशी पोचला होता. जेवणाआधीची घोटभर वाइन घ्यायला तो रोज डोकावे. मला भिंतीआडून दिसत नव्हते, पण घंटा थांबली होती आणि त्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू आले.

"लेओन्स कुठाय? मोटार चालू ठेवून आला बरं का. मी निजवली तिला."

"आला कुठे अजून? मी तर वाट बघतेय."

 मला वाटते, त्या वेळी दोघांनी उंबऱ्याकडे पाहिले. तिथे ओदिलचे जोडे होते आणि अनिसेने आत्ताच काढलेले. लेओन्सचे नव्हते.

"देवा! खाली आहे तो!"

अनिसे मोज्यांनिशीच चिखलातून धावत आला. त्याला मोटार बंद करता येई, सुरू करता येत नव्हती. ओदिल त्याला ढकलून आत शिरली, तिने किल्ली फिरवली, दांडा वर ओढला. इंजिन सुरू झाले. पंप तेल ओढू लागला. आणि मित्रांनो, त्या क्षणाइतका मला माझ्या जन्माचा राग कधी आला नाही, कारण मी आधी मागून उठते. लेओन्स पुढे होता. माझा मागचा भाग सावकाश, डौलात वर चालला आणि पुढचा जागचा हलेना. "ऊठ गं, ऊठ गं माझे आई," अनिसे माझे नाक दोन्ही हातांनी उचलत रडत होता. जोडा फटकन दुभंगला. आणि त्याच वेळी माझ्या पुढच्या पायांत तेल पोचले.

त्यांनी त्याला ओढून काढले. तोंड तेलाने हिरवे, ओठ निळे. ओदिल गुडघ्यांवर बसली, आणि बाळंतिणीशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "श्वास घे. हं. आता अजून एक. घे, मी आहे." त्याने घेतला. मग अजून एक घेतला.

बरगड्या मोडल्या, जीव वाचला. अनिसे कितीतरी दिवस माझ्याकडे पाहीना. ओदिल म्हणाली, "विकून टाक ही अवदसा." लेओन्स खाटेवरून म्हणाला, "तिचा काय दोष? बस म्हटलं, बसली. ठोकळे मी लावले नव्हते." बरा झाल्यावर त्याने माझी नळी बदलली, चारी ठोकळे लावून. आणि त्या दिवसापासून एक नवी रीत पडली. माझ्याखाली जाताना तो दुभंगलेला जोडा तारेने बांधून चालकाच्या आसनावर ठेवी. जोडा आसनावर असेल तर किल्लीला हात लावायचा नाही. अनिसेलाही एक सवय लागली. तो आधी वाकून मोठ्याने विचारी, "खाली कोणी आहे का?"

पुढे ओदिलचे काम सुटले. मी गोठ्यात गेले, गोळ्यांतला वायू विरला आणि मी कायमची बसले. लेओन्स म्हातारपणाने गेला, झोपेत. शेवटच्या खेपेला आसनावर ठेवलेला जोडा तिथेच राहिला. तो उचलण्याचे धाडस ओदिलला झाले नाही.

मित्रांनो, यंत्रे दुष्ट नसतात, पण त्यांना दयाही येत नाही. त्यांच्याखाली जाताना आधी आधार लावा, 'नुसतं बघतोय' म्हणू नका. आणि कोणाची चालू मोटार बंद करण्याआधी वाकून विचारा.

अनिसे अजून विचारतो. बाराची घंटा झाली की काठी टेकत गोठ्याच्या दारात येतो. आसनावरचा जोडा त्याला दिसतो. मग तो गुडघे धरून वाकतो, माझ्या पोटाखाली, जिथे आता हातही जाणार नाही, तिथे पाहतो आणि हाक मारतो, "लेओन्स, खाली आहेस का रे?"

उत्तर यायला लागेल तेवढा वेळ तो थांबतो. मीही थांबते. मग तो टोपी सारखी करतो आणि जेवायला जातो.