नाण्याच्या भावानं मेंढरं

जगातल्या पैशाचं पुढं काय होणार, हे देवदत्तला तोंडपाठ होतं. लेंडीखताचा भाव मात्र त्याला मला विचारावा लागला. मी सांगितला. शेजारधर्म म्हणून तेवढं करावंच लागतं. शिवाय सूतगिरणीच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी भाव विचारला, की त्याचं अर्धं दुखणं बरं होतं.

होटगीच्या अलीकडं आमची रानं बांधाला बांध लागून आहेत. माझं दोन एकर, त्याचं तीन. त्या तिनातला एक एकर मेलेला. आधीच्या मालकानं वरची काळी माती वीटभट्टीला विकली आणि खालचा मुरूम देवदत्तच्या आईला. सरोजिनीबाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीच्या पैशातनं त्यांनी रान घेतलं, आणि आयुष्यात एवढं एकच गणित चुकलं म्हणून त्या अजून स्वतःवर चिडलेल्या आहेत. दोन वर्षं त्या एकरात गवतसुद्धा धड उगवलं नाही. यंदा त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत तिथं काही उभं दिसलं तर ठीक. नाही तर सगळं रान विकायचं."

देवदत्त पुण्याच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरातल्या घरी बसून करतो. पण सकाळ-संध्याकाळ तो इथंच. विहिरीच्या कट्ट्यावर बसून मुरमाकडं असा बघतो, जसं कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसावं. म्हणून वैशाखात तानाबाईचा कळप आमच्या शिवारात उतरला, तेव्हा मीच त्याला म्हणालो, "मेंढरं बसव. एकराला हजार बसली की मेलेली जमीन डोळे उघडते."

मेंढरं बसवायची म्हणजे रात्रभर रानात कोंडायची. वाघूर म्हणतात त्या जाळ्याचं कुंपण लावायचं, सकाळी पुढं सरकवायचं, खत आपोआप. तानाबाईकडं दोनशे मेंढरं. पाच रात्री बसली की हजार. सहाव्या दिवशी कळप बार्शीकडं निघणार, तिकडं शब्द गेलेला. मेंढरामागं रात्रीला सहा रुपये, म्हणजे दिवसाला बाराशे. सौदा सरळ होता. सरळ सौद्यात देवदत्तला कधीच रस नसतो.

"मावशी, पैसे मी क्रिप्टोत देतो," तो म्हणाला.

तानाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मायाप्पानं तंबाखू मळता मळता माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं पाहिलं.

"म्हंजे काय ओ सायेब?"

मग देवदत्त सुरू झाला. आता खरं सांगायचं तर पोरगा बोलतो छान. नाण्याचं नाव मी इथं देत नाही, उगाच कुणाचा भाव वाढायला नको. पण त्याचं म्हणणं असं, की हे नाणं कुठल्या बँकेचं नाही, सरकारचं नाही. हजारो कॉम्प्युटरांत एकच वही, कुणालाही एकट्याला खाडाखोड करता येत नाही. दुबईत राबणारा आपला माणूस घरी पैसे धाडतो, त्यातले मधले दलाल गायब. "दहा वर्षांत भाजीवाली हेच घेईल, मावशी."

"मग धा वर्सांनी मेंढरं बसवू की," तानाबाई म्हणाली.

मी हसलो. देवदत्त हसला नाही. तो मायाप्पाकडं वळला. "काका, नोटा बंद झाल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मायाप्पाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "अक्कलकोटच्या बाजारात. बकरी इकून आल्तो. पाश्शेच्या नोटा समद्या. बँकेच्या दारात तीन दिस हुबा."

"यात तसं कुणाला करता येत नाही. रात्रीत बंद पाडणारा माणूसच नाही."

मुद्दा बिनतोड होता, हे मलाही मान्य करावं लागलं. मी म्हणालो, "बंद पडत नाही, पण आटतं की रे. परवा बारा रुपयांचं होतं, काल अकराचं. मीठ घ्यायला निघालो आणि दुकानापर्यंत पोचेतोवर पिशवी लहान झाली, तर त्याला रोजचा पैसा म्हणायचं?"

"काका, लोक वापरायला लागले की भाव ठरतो. कुणी तरी सुरुवात करायला हवी. मी रोज शंभर नाणी देतो. आजचा भाव बारा, म्हणजे बरोबर बाराशे. पुढं वाढला तर मावशीचा फायदा."

"आन पडला तर?"

"पडला तर... परत चढेल."

तानाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिची लेक सोनाली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत कळपाबरोबर आलेली. तानाबाईनं तिला विचारलं, "तुज्या फोनात येतंय का ग हे?" ती म्हणाली, येतं, वर्गातल्या दोघी-तिघींकडं आहे, तिचंही खातं आहे.

"बरं," तानाबाई म्हणाली. "घेतो आमी. पर माजं ऐका सायेब. तुमचं नाणं रोज बदलणार, तर माजी मेंढरं बी रोज बदलणार. सांजच्याला भाव बगायचा. सा रुपयाला येक मेंढरू. जितके रुपये भरतील तितकी तुमच्या रानात. वाढला तर माज्या भावाची, बिरुदेवची मेंढरं रेल्वे लायनीपल्याड हायत, त्यातली आणून बसवते. कमी केली तर मात्र कुरकुर न्हाय."

"कबूल!" देवदत्तनं हात पुढं केला. तानाबाईनं हात दिला नाही. शब्द झाला की झाला, हाताचं काम नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी नाणी पाठवायला देवदत्त विहिरीच्या कट्ट्यावर उभा राहिला, कारण रेंज तिथंच येते. सोनाली खाली फोन धरून. पाच मिनिटं गेली.

"आलं का?" मायाप्पानं विचारलं.

"निघालंय, काका. जगभर खात्री होते त्याची."

"मंग मेंढरं बी निघाल्यात म्हणा."

आलं एकदाचं. दोनशे मेंढरं वाघुरीत शिरली. तानाबाई तोंडाशी उभी राहून नुसत्या नजरेनं मोजत होती. मी बोट दाखवत मोजली. दोघांचा आकडा जुळला. वेळ तिला निम्मा लागला. सकाळी मुरमावर काळी रांगोळी पडलेली, आणि देवदत्त ऑफिसचा फोन कानाला लावून तिच्यातनं अनवाणी चालत होता.

दुसऱ्या संध्याकाळी भाव दहा रुपये ब्याण्णव पैसे. शंभर नाण्यांचे एक हजार ब्याण्णव. तानाबाईनं सोनालीला विचारलं, "किती ग?" "एकशे ब्याऐंशी, आई." तानाबाईनं वाघुरीच्या तोंडाशी काठी आडवी धरली आणि शेवटची अठरा बाहेर ठेवली. निवडली नाहीत हं. जशी आली तशी. ती अठरा बांध ओलांडून माझ्या रानात बसली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही. सकाळी उठून माझ्या वांग्याच्या वाफ्यांजवळचा काळा सडा पाहिला, आणि मला वाटलं की या क्रिप्टोला अगदीच नावं ठेवायचं कारण नाही.

तिसऱ्या संध्याकाळी भाव नऊ. एकशे पन्नास मेंढरं आत, पन्नास माझ्याकडं. देवदत्त बांधावर उभा राहून एकेका मेंढराकडं बघत होता, जणू प्रत्येकाचं नाव त्याला माहीत होतं.

"मावशी, हे असं वर-खाली होतच असतं. परत येईल भाव."

"येऊ दे की. भाव आला की मेंढरं बी येतील," तानाबाई म्हणाली. "पर रात परत येत न्हाय, सायेब."

चौथ्या दिवशी दुपारी सरोजिनीबाई स्वतः आल्या. माझ्या रानाच्या कडेनं, लेंड्या चुकवत. छत्री मिटली, मुलाचं रान पाहिलं, माझं पाहिलं.

"हे यांच्याकडं का?"

मी चष्मा पुसायला घेतला. देवदत्तनं खरं ते सांगितलं, एक शब्द झाकला नाही. त्याच्याबद्दल मला आदर वाटायला लागला तो इथं. आईसमोर बत्तीस वर्षांच्या माणसाला इतकं सरळ बोलताना मी फारसं पाहिलेलं नाही.

"दोनशे, एकशे ब्याऐंशी, एकशे पन्नास," बाई म्हणाल्या. "पाचशे बत्तीस. हजाराला कमी चारशे अडुसष्ट. रात्री दोन. म्हणजे रोज दोनशे चौतीस. आजचा भाव काय?"

"आठ रुपये चाळीस पैसे."

"म्हणजे तुझी शंभर नाणी आणणार एकशे चाळीस मेंढरं. देवा, खिशात रोख आहे ना? दे आणि मोकळा हो. हट्टासाठी रान घालवू नकोस."

"रोख दिलं तर शब्द मोडला, आई."

"आन कळप परवा जाणार," मायाप्पा हळूच म्हणाला.

देवदत्त मुरमात खाली बसला. उन्हात. फोन काढला नाही. मी म्हणणार होतो की बाबा रे, सावलीत ये. पण काही माणसांना विचार करताना उठवू नये. मग तो उठला, धूळ झटकली आणि तानाबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, चूक माझी झाली. मी नाणी पक्की केली आणि मेंढरं सैल सोडली. आता उलट करू. आज दोनशे चौतीस, उद्या दोनशे चौतीस. ती पक्की. त्याला नाणी किती लागतात ते माझं मी बघतो. शंभर लागोत की दोनशे. देईन नाण्यातच."

तानाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडं पाहत होती, त्याच्या फोनाकडं नाही.

"आता दुकानदारासारकं बोललास," ती म्हणाली. सायेब कुठल्या कुठं गेला. "सोने, मामाला फोन लाव. चौतीस मेंढरं धाड म्हणावं."

बिरुदेव मेंढरं घेऊन आला तो बांधावरूनच ओरडत. "तायडे, मला ती हवेतली नाणी नगंत! माजे दोनशे चार रुपये नोटात पायजेत, रोजच्या रोज!"

"देते की तुला नोटात. घसा कशाला फाडतोस."

मी विचारलं, "तानाबाई, नोटा कुठून आणल्या? तुला तर तीन दिवस नाणीच मिळाली."

सोनाली हसली. "काका, आई मला रोज नाणी आल्या मिनिटाला विकायला लावते. बँकेत रुपये जमा. ती म्हणते, पावसात भिजायला आपण काय म्हशी आहोत का?"

म्हणजे तीन दिवस भाव घसरला, तानाबाईचा एक पैसा गेला नव्हता. शिवाय आत्ता बिरुदेवला रुपये देऊन त्याच्या वाटणीची जोखीमही तिनंच उचलली. गावोगाव मेंढरं बसवत फिरणारी ही बाई सही करते ती अंगठ्यानं, आणि तिनं तीन दिवसांत जे उभं केलं होतं त्याला शहरात सराफी म्हणतात. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला. तो लवकर केला, हे पुढच्याच वाक्यात कळलं.

"आन आण्णा, तुमचं बी सांगते. अठरा आन पन्नास, अडुसष्ट मेंढरं तुमच्या रानात बसली. चारशे आठ रुपये झाले."

"अगं, मी कुठं मागितली होती?"

"नगं म्हणाला असता तर बांधाच्या पल्याड बसवली असती की. मी तुमच्याकडं बगितलं, तुमी गप ऱ्हाईला. मेंढरं बसताना गप ऱ्हाणं म्हंजे घेणं, हे तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

माहीत होतं. आमच्या शिवारात सगळ्यांनाच माहीत आहे. तीन दिवस तेवढं मी विसरलो होतो. मुकाट्यानं सोनालीचा क्यूआर स्कॅन केला आणि चारशे आठ रुपये दिले. सरोजिनीबाई छत्रीकडं बघत हसल्या. गणिताच्या बाई इतक्या मनापासून हसतात, हे मला नवीनच.

त्या संध्याकाळी देवदत्तला एकशे सदुसष्ट नाणी आणि वर किरकोळ लागली. त्यानं ती पाठवली आणि तडक मेंढरं मोजायला गेला. पाचव्या संध्याकाळी भाव चढला, नऊ रुपये छत्तीस. दीडशे नाण्यांत काम झालं. मी म्हणालो, "काय रे, सतरा नाणी वाचली."

"हो का?" तो म्हणाला. तो वाघुरीची मेख ठोकत होता.

चार दिवसांपूर्वी याच पोरानं भाव पाच पैशांनी हलला तरी मला बांधावरून हाक मारली असती. आता नाणं त्याला खिशातल्या सुट्ट्या पैशासारखं झालं होतं; भावाकडं लक्षच नव्हतं. मला वाटतं, वादात त्याचं म्हणणं सगळ्यात खरं ठरलं ते त्या घटकेला; पण हे मी त्याला सांगितलं नाही. जिंकलेल्या माणसाला उगाच कळवू नये.

शेवटची नाणी आली तेव्हा सोनालीनं सवयीनं विकायला बोट पुढं केलं. तानाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ही."

"विश्वास बसला का?" मी विचारलं.

"छ्या. पर कळपात येकादं मेंढरू लंगडं असलं तर लगेच इकतो व्हय आमी? ऱ्हाऊ दे मागं मागं चालत. काय गत हुतीया बगू."

देवदत्तला ही तुलना फारशी आवडली नसावी. पण त्यानं तिला जाताना चहा पाजला, स्वतःच्या हातानं, आणि जास्त साखर घालून बिघडवला. तिनं तो पिऊन टाकला.

सहाव्या दिवशी सकाळी कळप बार्शीच्या रस्त्याला लागला. मागं धुळीचा लोट, पुढं मायाप्पा. खत उन्हात वाळायच्या आत मातीत मिसळायला हवं, म्हणून देवदत्तनं तिप्पण्णाचा ट्रॅक्टर बोलावला होता. तिप्पण्णा उतरला, रान पाहून म्हणाला, "अबब, हितं तर गालिचा हाथरलाय."

"तिप्पण्णा, पैसे क्रिप्टोत घेणार का?"

"डिझेल ज्यात मिळतंय त्यात द्या, मालक."

देवदत्तनं निमूट पाकीट काढलं. वाद घालायचा म्हटलं तर मुद्दे होते त्याच्याकडं, भरपूर होते. पण ऊन चढत होतं.

पहिलं तास पडलं. नांगराच्या मागं मुरूम वर येत होता आणि त्यात काळं मिसळत होतं. सरोजिनीबाई चप्पल काढून तासात उतरल्या, मूठभर माती उचलून त्यांनी ती हातात दाबली. सुटली नाही, ढेकळासारखी धरून राहिली. त्यांनी ती मुलाच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "रान घ्यायला आलेल्या एकाला मी दसऱ्याला फोन करते म्हणाले होते. तू आजच कर. नाही म्हणून सांग."